बाहेर थांबणारे मिस्टर होझी

बूट स्वच्छ असले तरी गाडीत पाय ठेवण्याआधी ते एकमेकांवर आपटायचे.

वर्तमानपत्र मागून पुढे वाचायचे. आधी निधनवार्ता, मग हवामान, मग राजकारण. "कोण गेलं, काय कोसळणार आणि कोण खोटं बोलतंय. याच क्रमाने," असं म्हणायचे.

थंड चहात मुळातच साखर मरणाची असते. त्यात ते आणखी दोन चमचे घालायचे आणि ढवळायचे नाहीत. शेवटच्या घोटासाठी राखून ठेवायचे.

भेंडी खायचे नाहीत. तळलेली नाही, रश्श्यातली नाही.

कुणाच्याही घरी गेले की दाराबाहेर थांबून मोठ्याने नाव सांगायचे. "होझी गेटवूड आलाय!" घरातल्या माणसाने त्यांना अंगणातून येताना पाहिलेलं असलं, हातही हलवलेला असला, तरीही.

डेनिशाने हे सगळं वाचनालयाच्या टेबलामागे आणि चर्चच्या बाकावर बसून टिपलं होतं. लिहून ठेवलं नव्हतं, नुसतं साठत गेलं होतं. राज्याच्या राजधानीत, जॅक्सनला राहून ती साहित्याची पदवी घेऊन आली होती आणि माणसांकडे जरा जास्तच वेळ बघत बसायची खोड तिला तिथे लागली होती. मिस्टर होझी गेले तेव्हा पाद्रींनी तिला म्हटलं, "तू शिकलेली आहेस, त्यांच्या जवळची होतीस, चार शब्द बोल." ती उभी राहिली. तिच्या तोंडून पहिली आली ती भेंडी. लोक हसले. ती खाली बसली.

मिसिसिपीतल्या टिलर्स फोर्क या गावात मिस्टर होझी उपरे होते. तरुणपणी खांद्यावर एक पिशवी टाकून दुसऱ्या कुठल्याशा कौंटीतून आले आणि राहिले. लग्न केलं नाही. पडलेली झाडं कापायचे, हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या शेगड्यांसाठी लाकूड पोचवायचे. आणि माउंट निबो चर्चची पांढरी व्हॅन चालवायचे. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थना, अधूनमधून कुणाचं डायलिसिस. मतदानाच्या दिवशी मात्र गाडी सकाळी सुरू झाली की दिवस मावळेपर्यंत थांबायची नाही.

मतदान अग्निशमन केंद्रात व्हायचं. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडायचे. मिस्टर होझी एकेका बाईला हात देऊन उतरवायचे, तिची काठी तिच्या हातात द्यायचे, पर्समध्ये ओळखपत्र आहे ना विचारायचे. मग परत गाडीत बसून काच वर करायचे. बायका बाहेर आल्या की काच खाली.

पुढची जागा मिस ओडेसा क्रम्प यांची. तिथे दुसरं कुणी बसत नसे. त्यांचे वडील मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीत गेले, म्हणून गोऱ्या जमीनदाराने ऐन पेरणीच्या तोंडावर सगळ्या कुटुंबाला खोपटातून बाहेर काढलं होतं. ओडेसाबाई तेव्हा शाळकरी होत्या. त्यांच्या कडेवर धाकटा भाऊ होता आणि हातात कोंबडी. ही गोष्ट त्या प्रत्येक निवडणुकीला गाडीत सांगायच्या आणि शेवट ठरलेला असायचा.

"ज्याने मत टाकलं नाही, त्याला माझ्या टेबलावर जागा नाही. मग तो धर्मगुरू का असेना."

"बरोबर आहे, मिस ओडेसा," मिस्टर होझी रस्त्याकडे बघत म्हणायचे.

दर रविवारी ते त्यांच्याच टेबलावर जेवायचे.

डेनिशा दोन वर्षांपूर्वी मतदान केंद्रावर कामाला बसली होती. संध्याकाळी शेवटची खेप झाली. आत कुणी उरलं नव्हतं. ती पाय मोकळे करायला बाहेर आली. मिस्टर होझी बोनेटला टेकून उभे होते.

"आत चला की," ती म्हणाली. "रांग नाही, काही नाही. मी दार धरते."

"माझं झालंय बाळा. सकाळीच."

"सकाळपासून मी दारातच बसलेय, मिस्टर होझी."

ते हसले नाहीत. टोपी काढून आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं, परत घातली.

"मला नाही टाकता येत," ते म्हणाले. "मी आत जाऊन आलोय. ह्या 'आत' नाही. त्या."

आणि मग, बंबाच्या आडोशाला, त्यांनी तिला सांगितलं. बावीस वर्षांचे होते तेव्हा एका लाकडाच्या वखारीत काम करायचे. मालकाशी वाजलं, काम सोडलं. स्वतःची करवत वखारीतल्या खोलीत राहिली. मालक म्हणाला, जो न सांगता जातो त्याची हत्यारं इथेच राहतात. एका रात्री होझींनी खोलीचं कुलूप फोडलं, आपली करवत उचलली, बाकी कशाला हात लावला नाही. करवत आपली असली तरी दार मालकाचं होतं. घरफोडीचा गुन्हा लागला, शिक्षा झाली. राज्याच्या तुरुंगाची शेती होती. तिथे त्यांच्या टोळीकडे भेंडीचं रान होतं. सकाळी दव असताना तोडायला लागायचं, कोपरापर्यंत हात खाजायचे, रात्री झोप यायची नाही.

"बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांना ठाऊकच होतं, की आता बंदूक नाही आणि मत नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

"हे काय कुणी सांगावं लागतं? आग भाजते हे तुला कुणी सांगितलं?"

"आणि मिस ओडेसांना..."

"नाही." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "आणि तूही नाही."

डेनिशा त्या रात्री घरी जाऊन वाचत बसली. त्या राज्यात एकदा मत गेलं की ते परत मिळवायचा एक चमत्कारिक रस्ता होता. तुमच्या एकट्याच्या नावाचं विधेयक विधिमंडळात मांडायचं. त्यात तुमचं नाव, तुमचा गुन्हा. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते मंजूर करायचं. म्हणजे होझी गेटवूड या एका माणसाने टिलर्स फोर्कच्या अग्निशमन केंद्रात जाऊन एक कागद पेटीत टाकावा की नाही, यावर राजधानीत भल्याभल्यांनी हात वर करायचे. बहुतेक विधेयकं समितीतच मरायची. थोडी वाचायची.

जानेवारीत अधिवेशन सुरू झालं तेव्हा तिने विषय काढला. ते वाचनालयात हवामानाच्या पानावर होते.

"नाव वाचून दाखवतात?" त्यांनी विचारलं.

"छापतात. लोकांना बघता येतं."

"कोण बघतं असलं?"

"कुणीही बघू शकतं."

"मग नको." त्यांनी पान उलटलं. "ओडेसाबाईंची भाची राजधानीत कारकून आहे. तिला दुसरं काही काम नाही. चर्चमध्ये कुणाचा घटस्फोट झाला ते तिला नवऱ्याआधी कळतं."

त्यांनी राजकारणाचं पान उघडलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"मी या कौंटीत निवडून आलेल्या प्रत्येक सुपरवायझरच्या रस्त्यांवरचे खड्डे नावानिशी ओळखतो," ते म्हणाले. "गाडीतल्या बायका मला विचारतात, होझी, कुणाला देऊ? मी सांगतो. त्या देऊन येतात. सांगणारा मी आणि..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

अख्खं वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ते आले, वर्तमानपत्र घेतलं नाही, टेबलासमोर उभे राहिले. "कर काय करायचं ते," म्हणाले. "मी सत्तरीला आलो. ओडेसाबाईंना कळेल. कळू दे."

विधेयक मांडायला आमदारांच्या कार्यालयात माहिती द्यावी लागे. तिथे कागद बघणाऱ्या एक निवृत्त वकीलबाई होत्या. आवाज खरखरीत, फोनवर सतत काहीतरी चघळत. डेनिशाने नाव सांगितलं, वय सांगितलं, चर्चची सेवा सांगितली. भाषणच तयार करून ठेवलं होतं.

"गुन्हा बोला," बाई म्हणाल्या.

"घरफोडी."

"बरोबर चोरीचं कलम?"

"नाही मॅम. करवत त्यांचीच होती. नुसती घरफोडी."

चघळणं थांबलं. "मग विधेयक कशाला हवंय?"

"मत परत मिळावं म्हणून."

"पोरी, गेलेलंच नाही तर परत काय मिळणार? मत घालवणारे गुन्हे राज्याच्या अठराशे नव्वदच्या घटनेत नावानिशी दिलेत. चोरी आहे, जाळपोळ आहे, खोटे दस्तऐवज आहेत, दोन लग्नं आहेत. घरफोडी होती, ती काढून टाकली एकोणीसशे पन्नास साली. तुझ्या माणसाला सांग, नोंदणीचा अर्ज भर आणि जा."

"पण ते... त्यांनी कधीच..."

"हो," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "असे पुष्कळ आहेत. सगळ्यांना वाटतं तुरुंग म्हणजे मत संपलं. तुरुंगातल्यांना वाटतं, बाहेरच्यांना वाटतं, कचेरीत बसलेल्या निम्म्यांनाही तेच वाटतं."

डेनिशा धावत त्यांच्या घरी गेली. आनंदाची बातमी होती. म्हणजे तिला तसं वाटलं होतं. ते अंगणात ओंडक्यावर बसून करवतीच्या साखळीला धार लावत होते. तिने एका दमात सांगितलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिने सांगितलं.

"कुठल्या साली काढलं म्हणालीस?"

"पन्नास."

"माझा जन्म चोपन्नचा."

कानस परत चालू झाली. एक दात, दुसरा दात, तिसरा. ती उभीच राहिली. मग ते न बघताच बोलले.

"इतकी वर्षं मी म्हणत होतो, त्यांनी माझं घेतलं. रागवायला कुणीतरी होतं. आता कुणावर रागवू?"

"मिस्टर होझी, आता तुम्ही..."

"घरी जा बाळा."

तीन आठवडे ते वाचनालयात आले नाहीत. गाडी चालवत होते, लाकूड पोचवत होते. तिच्याशी बोलत नव्हते. तिला आधी अपराधी वाटलं, मग राग आला, मग काहीच कळेनासं झालं. पुस्तकांत अशा ठिकाणी माणसं रडतात किंवा हसतात. हे धार लावत होते.

मग एका सोमवारी आले. "अर्ज काढ," म्हणाले. सही झाल्यावर पेन टेबलावर ठेवलं आणि बोटाने जरासं पुढे ढकललं.

"आता दोन बायका केल्या तर मत जाईल म्हणतेस?"

"हो."

"आणि दोन घरं फोडली तर राहील."

"राहील."

"कायदा कुठल्या तरी बायकोने लिहिलेला दिसतोय."

"अठराशे नव्वद साली? तिला खोलीत तरी येऊ दिलं असतं का?"

"नवऱ्याच्या कानात लिहिला असेल," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी हसले.

मिस ओडेसांना त्यांनी स्वतःच सांगितलं. रविवारच्या जेवणाला, टेबलावर, डेनिशासमोर. कोंबडी वाढून झाली होती. त्यांनी काटा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. वखार, तुरुंग, गाडीत वर केलेली काच, आणि शेवटी ते पन्नास साल.

मिस ओडेसा ऐकत राहिल्या. त्यांनी हातरुमालाची घडी केली.

"मी माझ्या बापाची गोष्ट तुला सांगत होते," त्या म्हणाल्या.

"हो मॅम."

"दर वेळी. आणि तू म्हणायचास, बरोबर आहे, मिस ओडेसा."

"हो मॅम."

"त्यांनी माझ्या बापाला अडवलं, तर तो परत परत गेला. तुला कुणी अडवलं नाही, तर तू गाडीत बसून राहिलास."

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंस का कधी?" त्यांनी काटा उचलला. "जेव. गार होतंय."

ते जेवले. ताट पूर्ण संपवलं. उठून हात धुतले, दाराशी जाऊन टोपी घातली. पुढच्या रविवारी व्हॅन मिस ओडेसांच्या अंगणात नेहमीसारखी थांबली. त्या व्हरांड्यात तयार बसल्या होत्या. "गावातली भाची येतेय न्यायला," म्हणाल्या. मिस्टर होझींनी "हो मॅम" म्हटलं आणि गाडी वळवली. पुढची जागा रिकामी राहिली. तिथे बसायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नाही.

मार्चमध्ये पक्षाचे उमेदवार ठरवायला प्राथमिक निवडणूक झाली. डेनिशा टेबलावर होती. सगळ्यांना आणून पोचवल्यावर, भर दुपारी, ते आले. दाराबाहेर थांबले. तिला वाटलं आता नाव ओरडतील. ओरडले नाहीत, आत आले. ओळखपत्र पुढे केलं. ती त्यांना गेली कित्येक वर्षं ओळखत होती, पण नियम होता; तिने फोटो बघितला, चेहरा बघितला, सही घेतली, मतपत्रिका दिली.

ते कोपऱ्यातल्या फळीशी गेले. पाठ तिच्याकडे होती. बराच वेळ गेला. मागे दोघं आले, मत देऊन गेले. मिस्टर होझी तिथेच. तिला उठून जावंसं वाटलं. जाता येत नव्हतं, आणि आता त्यांच्याजवळ कुणी जाऊच शकत नव्हतं. इतक्या वर्षांनी मिळालेली ही पहिली गोष्ट, आणि ती एकट्याने करायची होती.

शेवटी त्यांनी कागद यंत्रात घातला. मत दिल्याचा गोल बिल्ला तिने पुढे केला.

"तो ठेव," ते म्हणाले. "लावला तर लोक विचारतील, मागचे कुठे आहेत."

बाहेर जाताना थांबले. "एवढंच असतं?"

"एवढंच असतं."

"मला वाटायचं, आत काहीतरी असेल."

त्यानंतर त्यांना एक नवं वेड लागलं. भेंडीच्या रानातली टोळी. त्या वेळी चौघं त्यांच्याबरोबर एका रांगेत तोडायला असायचे. "मला सांगायला कुणी आलं नाही," ते म्हणाले. "त्यांना तरी कोण गेलं असेल?" डेनिशाकडून त्यांनी गुन्ह्यांची नावं पाठ करून घेतली, बायबलमधल्या पुस्तकांची नावं म्हणतात तशा चालीत. कोणता गुन्हा मत नेतो, कोणता नेत नाही. शनिवारी आपला जुना ट्रक काढायचे आणि जायचे.

पहिला, लूथर, एका चर्चचा चौकीदार होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होझी, तू मेला नाहीस?" नंतर अर्ज भरला. दुसऱ्याचं थडगं सापडलं. तिसऱ्याला सगळे बटरबीन म्हणायचे. त्याचा गुन्हा खोट्या चेकचा होता. तो मत घालवणाऱ्या यादीत होता. मिस्टर होझींनी त्याला सगळं सांगितलं, मग हेही सांगितलं. बटरबीनने त्यांना थंड चहा दिला. "मग इतक्या लांब कशाला आलास?" म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं," ते डेनिशाला म्हणाले. "पण त्याला कळायला नको? माझं गेलेलं नव्हतं, त्याचं गेलंय. दोघं सारखेच बसलो होतो."

बटरबीनसाठी विधेयक मांडता येईल, ती म्हणाली. जानेवारीत. त्यांनी मान डोलावली. "आधी संडे," म्हणाले.

संडे हा चौथा. त्याचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. खरं नावही नाही. तुरुंगात कुणी विचारत नसे.

ऑक्टोबरच्या मध्यावर ते गेले. लाकूड रचताना, अंगणात. शेजाऱ्याला दिसले. डॉक्टर म्हणाले, हृदय. डेनिशाला फोन आला तेव्हा ती वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत होती. फोन ठेवून तिने राहिलेले शिक्के मारले. मग तिच्या लक्षात आलं की तारीख कालची आहे.

चर्चच्या मागच्या सभागृहात जेवण झालं. सगळ्यांनी काही ना काही करून आणलं होतं. मिस ओडेसांनी केक आणला होता. तो त्यांनी कुणालाच कापू दिला नाही, स्वतः कापला. डेनिशाच्या ताटात तुकडा ठेवताना त्यांनी हलकेच विचारलं, "मार्चमध्ये त्याने कुणाला मत दिलं?"

"ठाऊक नाही, मॅम. असं विचारायचं नसतं."

"मला विचारता आलं असतं." त्यांनी सुरी पुसली. "गाडीत त्याच्या शेजारी बसले असते तर विचारलं असतं. तो मला कायम सांगायचा, कुणाला देऊ ते. मी कधी उलटून विचारलं नाही."

नोव्हेंबरची निवडणूक झाली. चर्चने गाडीवर दुसरा चालक नेमला. तो बरा आहे. काच खालीच ठेवतो, मोठ्याने गाणी लावतो. मिस ओडेसा भाचीच्या गाडीतून आल्या.

डेनिशाने तुरुंगाच्या कचेरीत फोन केला होता. तिथे संडे नावाचं कुणी सापडत नाही. सत्तरच्या दशकातल्या भेंडीच्या रानातला एक माणूस, असं सांगितलं तर पलीकडची बाई आडनाव विचारते. लूथरला आठवत नाही. बटरबीन म्हणतो, उंच होता, बहुतेक नदीकाठच्या डेल्टाच्या बाजूचा. मिस्टर होझींनी तिला सांगितलं होतं ते एवढंच, की डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, दातांतून शीळ घालायचा आणि गुन्हा कोणता होता ते त्याने कधी सांगितलं नाही. ते त्याला विचारायचं राहिलं होतं.